पाठ टेकली की नाही, आणि पन्नास फील्डांचा हिशेब

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बेळगाव, खानापूर, निपाणी, कधी चिक्कोडीपर्यंत. लग्नात कॅमेऱ्याला घाई नसते. अक्षता पडतात तेवढ्यापुरती काय ती धांदल, बाकी दिवसभर माणसं उभी राहतात, बसतात, जेवतात. त्यामुळे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, हा विषय आमच्याकडे 'मेनूत असेल ते असू दे' याच्या पुढं सहसा जात नाही. तो पुढं गेला तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेच्या कुस्त्यांत.

कमिटीनं शूटिंगचं काम दिलं होतं, शिवाय मैदानाच्या कडेला एलईडी स्क्रीन. खांद्यावरच्या कॅमकॉर्डरवर मी स्वतः, 1080 ओळींवर 50i लावून, म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं, त्यांना फील्ड म्हणतात. हाताखालच्या पोराकडं मिररलेस. त्याला 'सिनेमासारखं' दिसायला हवं असतं, म्हणून 25p, म्हणजे सेकंदाला 25 पूर्ण चित्रं, आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं. तिसरा कॅमेरा आमचा नव्हताच. अध्यक्षांच्या भाच्याला त्याच्या आत्यानं न्यू जर्सीहून एक हँडीकॅम आणून दिलेला. "मामा, आपल्या लाइटीवर चार्ज होतंय बघा," असं तो अभिमानानं सांगत होता. होणारच. चार्जर 100 ते 240 व्होल्टचा असतो, तो कुठंही चालतो. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ मात्र अमेरिकेचं होतं: 60i, नेमकं सांगायचं तर सेकंदाला 59.94 फील्ड. मेनूत पालचा, म्हणजे आपल्याकडच्या 50 च्या पद्धतीचा, पर्याय शोधला, नव्हता. म्हटलं, तू हौद्याच्या कडेला मातीत बैस आणि तुझं तू काढ.

उजेड होता तोवर तिन्ही कॅमेरे गुण्यागोविंदानं चालले. दिवेलागणीला खांबांवरचे फ्लड लाइट लागले, सगळे एकाच फेजवर, आणि भाच्याच्या स्क्रीनवर मैदान थरथरायला लागलं. उजेड, काळोख, उजेड. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर 1/50 असेल तर त्यात बरोबर दोन उजाळे मावतात, 1/100 असेल तर बरोबर एक. प्रत्येक चित्राला सारखाच उजेड. त्याचं शटर 1/60 वर. त्यात मावतात पावणेदोनाला थोडे कमी, त्यामुळे एका चित्राला जास्त उजेड, दुसऱ्याला कमी. त्याला तेव्हाच सांगणार होतो, पण हलगी कडाडली आणि तिसऱ्या नंबरची कुस्ती लागली.

एक पैलवान कोल्हापूरच्या तालमीतला, दुसरा गोकाककडचा. बराच वेळ नुसती खडाखडी. मग कोल्हापूरच्यानं ढाक हा डाव लावला, गोकाकचा हवेतून आला, मातीत पडला आणि पडता पडताच कूस बदलून पोटावर झाला. पंचांनी हात वर केला: चितपट. अर्धं मैदान उठून नाचायला लागलं, उरलेलं अर्धं हौद्यात उतरलं. "पाठ टेकली नाही!" पलीकडून कन्नडमध्ये तेच. निवेदक दोन्ही भाषांत 'शांत राहा' म्हणत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. मग कुणाचं तरी लक्ष स्क्रीनकडं गेलं. "तोरस्री, इन्नोम्मे तोरस्री!" दाखवा, परत एकदा दाखवा.

मातीतल्या कुस्तीचा निकाल पडद्यावर बघायची आमच्याकडं रीत नाही. पण जमाव अंगावर आला की रीत कोण बघतो? लॅपटॉप काढला, पंच आणि दोन्हीकडचे वस्ताद भोवती बसले.

पहिल्यांदा पोराचं 25p लावलं, कारण ते चित्र सगळ्यात देखणं. एक एक फ्रेम पुढं नेली. एका फ्रेममध्ये पैलवान मातीच्या वर आडवा, पुढच्या फ्रेममध्ये कुशीवर. दोन्हींत खांद्याच्या जागी नुसता पट्टा ओढल्यासारखा. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे दर 40 मिलिसेकंदांनी एक चित्र, आणि 1/50 च्या शटरमुळे त्यातले 20 मिलिसेकंद उघडे. एवढ्या वेळात पडता माणूस चार बोटं सरकतो. लग्नात ह्या पट्ट्याला आम्ही 'स्मूथ' म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो.

मग माझं 50i. हे थांबवलं की कडांना कंगव्याचे दात दिसतात, कारण एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची फील्ड विणलेली असतात: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी 20 मिलिसेकंदांनंतरच्या. सॉफ्टवेअरमध्ये फील्ड सुटी केली. ओळी निम्म्या झाल्या, 1080 च्या 540, पण क्षण दुप्पट मिळाले. शिवाय दिव्यांमुळे मी शटर 1/100 वर नेलं होतं, म्हणून पट्टाही निम्मा. आता खांदा खांद्यासारखा दिसत होता. एका फील्डमध्ये डावा खांदा मातीत, उजवा चार बोटं वर. पुढच्यात डावा सुटलेला, उजवाही वरच.

"बघा, टेकली नाही," गोकाकचे वस्ताद म्हणाले.

पंच म्हातारे, फेटेवाले, कधीकाळचे नावाजलेले पैलवान. त्यांनी दोन्ही चित्रांवर बोट ठेवलं. "हे एक. हे एक. खरं ह्या दोन्हीच्या मध्ये काय झालं ते दाखव की."

आणि प्रश्न एकदम बरोबर होता. शटर 1/100 म्हणजे 10 मिलिसेकंद उघडं, फील्ड दर 20 मिलिसेकंदांनी. उरलेले 10 मिलिसेकंद माझ्या कॅमेऱ्यानं काही बघितलेलंच नाही. चित्र स्वच्छ हवं म्हणून शटर जेवढं वर न्यावं, तेवढा कॅमेरा जास्त वेळ आंधळा. एवढ्या वेळात खांदा टेकून उठेल का? मला तरी वाटत नाही, पण पंचांना 'वाटत नाही' कसं सांगायचं?

तेव्हा भाचा आठवला. 60 फील्ड, शटर 1/60. म्हणजे एक फील्ड संपलं की लगेच दुसरं सुरू, मधे फट नाहीच. थरथरणारं, पुसट, पण अखंड. वर तो हौद्याच्या कडेला मातीच्या पातळीवर बसलेला. (माझं मत विचाराल तर त्या दिवशी फ्रेम रेटपेक्षा ही जागाच जास्त कामाला आली.) त्याचं कार्ड लावलं. चित्रं उजेडी आणि काळपट आलटून पालटून येत होती, खांदा धुरकट, पण उजव्या खांद्याखाली पलीकडच्या माणसांच्या पांढऱ्या कपड्यांची एक फट दिसत होती. ती बारीक झाली, मग परत रुंदावली. एकाही फील्डमध्ये मिटली नाही.

पंचांनी दोनदा बघितलं. "लावा कुस्ती परत." परत लागली, घिस्सा डावावर निकाली झाली, आणि जिंकला तो पहिल्यांदा जिंकलेलाच. मग दोन तास कशाला वाया घालवले, असं निवेदक माइकवरच बोलला.

एडिटिंगला बसल्यावर त्या अमेरिकन फुटेजनं त्रास दिलाच. आमची टाइमलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा जोडायची पट्टी, 25 ची, त्याचं 29.97. मेळ घालायला दर सहा फ्रेमला एक गाळावी लागते, आणि हात फिरवणारा पैलवान ठरावीक ठेक्यात अडखळतो. हा 29.97 चा विचित्र आकडा 1953 सालचा. अमेरिकेनं आपल्या टीव्हीच्या पद्धतीत, एनटीएससीत, रंग घातला, तेव्हा रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताला आडवा येऊ नये म्हणून 30 मधून हजारातला एक भाग कमी केला. 30 समजून चाललात तर तासाला 3.6 सेकंदांची चूक साचते. आपल्याकडं रंगीत टीव्ही 1982 च्या एशियाडच्या वेळी आला तो पालचा, 625 ओळी आणि 50 फील्ड. एचडी आल्यावर पाल-एनटीएससीच्या ओळी इतिहासजमा झाल्या, पण 50 आणि 60 चं भांडण तसंच राहिलं. दिवे अजून त्याच विजेवर जळतात ना.

पुढं कमिटीनं स्वतःचा कॅमकॉर्डर घ्यायचं ठरवलं आणि मला घेऊन बेळगावात दुकानात आले. दुकानदाराचं एकच पालुपद: 4के, 4के. मी विचारलं, 4के ला सेकंदाला किती? 25. आणि 50p? ते फक्त 1080 ला. स्वस्तातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं असंच असतं, खोक्यावर मोठा आकडा आणि वेग निम्मा. कुस्तीला, बैलगाडीच्या शर्यतीला, लेझमाला मी 1080 चं 50p घेईन. त्यात फील्डांचं विणकाम नाही, प्रत्येक चित्र पूर्ण, आणि 25 च्या टाइमलाइनवर ठेवलं की झकास अर्ध्या वेगाचं स्लो मोशनही मिळतं. भाषणं आणि लग्नं 25p वर खुशाल काढा. शटर हातानं लावता येतं का, हे मी दुकानातल्या ट्यूबलाइटखालीच लावून बघितलं. ज्यात लावता आलं नाही, तो कॅमेरा परत खोक्यात गेला. 50 आणि 60 अशा दोन्ही पद्धती असलेला एक मिळाला. त्यात 60 वरून 50 वर आलं की कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, म्हणून ते मैदानात नाही, घरीच करायचं, असं अध्यक्षांना बजावलं.

भाचा बरोबर होताच. "मामा, मग माझा विकू काय?"

विकू नको म्हटलं. दिवे लागले की शटर 1/100 वर ने, म्हणजे थरथर जाईल. आणि तुझी क्लिप 29.97 च्या टाइमलाइनवर वेगळी कर, आमच्यात मिसळू नको. यूट्यूबला दोन्ही चालतात.