चाळीस पावलं

सहा नंबरची गाडी कुरणात रुतली तेव्हा संध्याकाळचे 5 वाजून 20 मिनिटं झाली होती. वेळ पक्की लक्षात आहे, कारण मी नेमकी त्या दिवसाची शेवटची नोंद वहीत करत होतो. 'सगळे पोचले. अडचण नाही.' इतकं लिहून झालं आणि वॉकीटॉकी खरखरला. शेपटीच्या गाडीवरचा आमचा पोरगा होता.

"दादा, सहा नंबर आत गेला."

"आत म्हणजे कुठे?"

"हिरव्यात."

गाड्या घेऊन डोंगरात मुक्कामी जाणाऱ्यांच्या सहली आखणं आणि त्या सुखरूप परत आणणं, हे माझं काम. लोकांना वाटतं, मजा आहे, गाडी चालवायचे पैसे मिळतात. गाडी तीन दिवस चालवतो. त्याआधीचे दोन महिने वही, नकाशा आणि फोन. अंतर किती, असं कोणी किलोमीटरमध्ये विचारलं की मी उत्तर तासांत देतो. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या संथ पण जोरकस गिअरांत, इंधनसुद्धा तासांच्या हिशेबानेच जळतं, किलोमीटरच्या नाही. जो चढ एका गाडीला 5 मिनिटं घेतो तो 8 गाड्यांना 40 मिनिटं घेतो, कारण पुढची पूर्ण वर पोचल्याशिवाय मागची सोडायची नसते. सगळ्यात कमकुवत गाडी दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे माझ्या आरशात. सगळ्यात भरवशाचा चालक सगळ्यात शेवटी, आणि काँप्रेसर, औषधांची पेटी त्याच्याकडे. प्रत्येकाने सांभाळायचं ते मागच्याला. फाट्यावर मागची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही. पहिली रात्र मुद्दाम खालीच काढायची, एका दमात वर नेलं की निम्म्यांची डोकी ठणकतात. पाणी माणशी दिवसाला 5 लिटर. आणि वाटेत बर्फाच्या पाण्याचा ओढा असेल तर तो सकाळीच ओलांडायचा. दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार टळते. सकाळी पोटरीइतका असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. आम्ही साडेआठलाच पलीकडे होतो.

म्हणजे आखणी चोख होती. 8 गाड्या, 19 माणसं, 2 रात्री. मी तीन आठवडे आधी एकटा जाऊन वाट बघून आलो होतो. कुरणाच्या वरच्या अंगाला खडकाळ सपाटी आहे, तिथे गाड्या लावायच्या आणि तंबू हातात घेऊन पुढे चालत जायचं. हे मी आदल्या रात्री सांगितलं, सकाळी निघताना सांगितलं, ग्रुपवर लिहून टाकलं. ग्रुपवर लिहिलेलं कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. तिथे महिनाभर छतावर किती दिवे लावावेत यावर चर्चा चालू होती. ज्यांच्या छतावर सगळ्यात जास्त दिवे होते त्यांच्याकडे टायरची हवा मोजायचा साधा गेज नव्हता.

पण सहा नंबर त्यातला नव्हता. तो तसा असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. उगाच गॅस देणं नाही, धुरळा उडवणं नाही, सांगितलेल्या रेषेवरून चाक इंचभर इकडे तिकडे नाही. बरोबर बायको आणि आठेक वर्षांची मुलगी. ओढ्याआधी मी सगळ्यांना दहा मिनिटं थांबवलं, तेव्हा कारण फक्त त्यानेच विचारलं. चढ चढून तापलेले ॲक्सल एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, हे ऐकून त्याने स्वतः हात लावून चारही चाकांचे हब निवलेत का ते पाहिलं होतं. असा माणूस.

आणि तो कुरणात अविचाराने शिरलाही नाही. खाली उतरला, चालून बघितलं, दोनदा पाय आपटला. जमीन घट्ट लागली. मग गाडी घातली.

इथे जरा थांबून सांगतो, कारण या एका गोष्टीवर मी गेली कित्येक वर्षं लोकांशी भांडतोय. माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांखाली जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास भार येतो. गाडीच्या चाकाखालचा भार साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. रस्त्यावरची 34 पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ 2.4 किलो. नऊ-दहा पट. त्यामुळे 'मी चालून बघितलं' याला काहीच अर्थ नाही. बघायचंच असेल तर एका टाचेवर सगळं वजन टाकून हिसका द्यायचा, तेव्हा कुठे चाकाच्या जवळपास पोचतो आपण. त्याहून बरं म्हणजे लोखंडी सळई. डोंगरातलं कुरण हिरवं असतं ते खाली पाणी असतं म्हणून. वर मुळांची वीतभर जाड गादी, खाली बर्फाच्या पाण्याने भिजलेला काळा चिखल. गादी शाबूत असेपर्यंत भार पेलते. एकदा फाटली की खाली तळ नाही.

सहा नंबर चाळीस पावलं आत गेला. पहिली तीस गादीने पेलली. नंतरच्या दहात गाडी पोटावर बसली.

मी पोचेपर्यंत तीन नंबरवाले गृहस्थ नवा कोरा स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे झटक्याने गाडी ओढायचा ताणणारा पट्टा, घेऊन हजर होते. स्ट्रॅप 9 मीटरचा, म्हणजे ओढायला त्यांनाही आत जावं लागलं असतं आणि एकाच्या जागी दोन गाड्या काढत बसलो असतो. बरं, त्याचं एक टोक त्यांनी स्वतःच्या गाडीमागच्या टो बॉलला अडकवूनही ठेवलं होतं. मी तिथे जे ओरडलो ते त्यांच्या बायको-मुलांसमोर ओरडायला नको होतं. पण तो गोळा ट्रेलर सावकाश ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. स्नॅच स्ट्रॅप रबरासारखा ताणून सुटतो. गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो. माणसं मेली आहेत अशाने. दुकानात स्ट्रॅप विकताना हे कोणी सांगत नाही, रंग कोणता हवा ते विचारतात. गृहस्थ नंतर रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. चालेल.

मग काढायची कशी? माझ्या गाडीला विंच आहे, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, पण दोर 28 मीटरचा. गाडी कडेपासून जेमतेम तीस मीटर आत. पुलीतून दोर दुहेरी घेतला असता तर जोर दुप्पट मिळाला असता, पण तेवढा दोरच नव्हता. म्हणून जोडपट्टा लावून एकेरीच ओढायचं ठरवलं. यात एक फायदा असतो. विंचची ताकद डब्यावर लिहिलेली असते ती दोराच्या सगळ्यात आतल्या थरावरची. दोर जितका बाहेर तितकी विंच खरी ताकद लावते. फक्त शेवटचे आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवायचेच.

माझी गाडी खडकाळ कडेवर, चारही चाकांपुढे दगड. मागून एका मोठ्या धोंड्याला पट्ट्याने बांधली, पट्टा कापू नये म्हणून धोंड्याच्या कडेवर घडी केलेलं ब्लँकेट. दोरावर मध्ये ओला जाड टॉवेल टाकला, तुटलाच तर उसळू नये म्हणून. माणसं सगळी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. आणि ओढायचं मागे, ज्या चाकोरीतून ती आत गेली त्याच चाकोरीतून. पुढे काढणं कदाचित सोपं गेलं असतं, पण मग आणखी तेवढंच कुरण फाडलं असतं.

पण विंच लावायच्या आधी खणायचं असतं, हे फार थोड्यांना पटतं. चिखलात पोटावर बसलेली गाडी नुसती जड नसते, चिखल तिला खालून चोखून धरतो. ॲक्सलपर्यंत रुतली तर तिच्या वजनाइतका जोर लागतो, त्याहून खोल गेली तर दुप्पटही. पोटाखाली हवा शिरायला वाट केली की निम्मं काम होतं. चाकांतली हवा काढली, 34 वरून 15 वर. सकाळीच 20 वर आणायला सांगितली होती, सहा नंबरनेही आणली होती, पण खडकाळ भाग संपला म्हणून शेवटच्या टप्प्यात त्याने स्वतःच्या पंपाने परत भरली. टायरची काळजी, दुसरं काय. जॅक लावला तर गाडीऐवजी जॅकच खाली जायला लागला, त्याच्याखाली स्टेपनी आडवी टाकली तेव्हा थांबला. एकेक चाक उचलून खाली चाकाला पकड देणाऱ्या पट्ट्या सरकवल्या. अडीच तास. दोन फावडी, बाकीच्यांनी हातांनी. 2800 मीटरवर दहा मिनिटं खणलं की माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो, म्हणून पाळ्या लावल्या. ज्यांना मी मनातल्या मनात दिवेवाले म्हणत होतो ते सगळ्यात जास्त वेळ चिखलात होते. त्यांचे दिवेही उपयोगी पडले, हे लिहिणं भाग आहे.

सव्वाआठला गाडी हलली. हलते तेव्हा आवाज येतो, ओल्या चिखलातून बूट काढल्यासारखा, फक्त फार मोठा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

हात धुताना मी सहा नंबरला विचारलं. रागात नव्हतो, इतक्या वेळात राग उरत नाही. म्हटलं, "तुम्ही सगळं नीट ऐकत होता. मग हे का केलंत?"

तो जरा गोंधळला. म्हणाला, "सर, मला वाटलं मुक्काम इथे खडकावर, पण फोटोपुरती गाडी आत नेली तर चालतं. तुमच्या जाहिरातीत तशीच आहे ना?"

आहे. मध्यभागी हिरवं कुरण, मागे बर्फाचा कडा, आणि कुरणात एकटी उभी असलेली गाडी. गाडी माझीच. फोटो शरद संपताना काढला होता, बर्फ पडायच्या आधी, जमीन वाळून टणक झालेली असताना. गवत खरं तर पिवळं पडलेलं, आमच्या ऑफिसात कोणीतरी ते हिरवं करून घेतलं. त्या फोटोवर निम्मी बुकिंग येतात. त्याची मुलगी तो फोटो बघूनच यायला तयार झाली होती, हे त्याच्या बायकोने सांगितलं. तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी ऋतूंबद्दल बोललो असेन.

पहाटे उजाडताच कुरणात गेलो. गुडघाभर खोल दोन चर, उताराच्या दिशेने सरळ, आणि दोन्हींतून पाणी वाहत होतं. संध्याकाळी नव्हतं. कुरणात स्पंजासारखं धरलेलं पाणी रात्रभरात चरांना येऊन मिळालं होतं. असे चर तसेच ठेवले की पाणी त्यांनाच खोल करत जातं, आजूबाजूची जमीन निचरून कोरडी पडते, आणि जे कुरण पाण्यामुळे कुरण आहे ते तिथून पुढे कुरण राहत नाही. मुलगी माझ्या मागून आली होती. तिने गवताची काडी चरात टाकली. काडी पळत गेली. तिने दुसरी टाकली. शर्यत लावत होती.

सकाळचा डोंगरावर चढायचा कार्यक्रम मी रद्द केला. उपटलेली ढेकळं गवताची बाजू वर ठेवून परत बसवली, दर चार पावलांवर चरात आडवा बांध घातला. सहा नंबर आणि त्याची बायको शेवटपर्यंत होते. बाकीच्यांपैकी पाच जण आले. दोघांनी विचारलं की रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे परत मिळणार का. जमलं तेवढं केलं. पाणी थांबलं नाही, पण वेग कमी झाला. पुढचा ओढा पाणी वाढायच्या आत ओलांडायला हवा होता, म्हणून निघावं लागलं.

अहवालात मी लिहिलं : 'सूचना न पाळल्याने एक वाहन रुतले. जीवितहानी, नुकसान नाही.' ऑफिसने सहा नंबरला पुढच्या सहलींतून बाद केलं. मी विरोध केला नाही. खरं तर एकदा फोन उचलला होता, पण समोरून विचारलं की मग सूचना पाळली नाही हे खोटं का, तर त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळली नव्हतीच.

गेल्या आठवड्यात पुढच्या हंगामाचं पत्रक तपासायला आलं. तारखा बघायच्या होत्या फक्त. फोटो तोच. मी तो स्क्रीनवर मोठा केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाडीच्या मागे, चौकटीच्या कडेपर्यंत, गवतात दोन फिकट रेषा दिसतात.