चमच्यांच्या ड्रॉवरला खण पाडताना : पाचशे रुपयांच्या आतलं काम

ड्रॉवरचं माप कॅबिनेटवरून धरायचं नाही. माझं कॅबिनेट ६०० मिमीचं. दोन्ही बाजूंच्या १८ मिमी प्लायचे ३६ गेले, टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांना) प्रत्येक बाजूने साडेबारा-तेरा मिमी लागतात ते गेले, ड्रॉवरच्या स्वतःच्या १२ मिमीच्या दोन फळ्या गेल्या. हातात उरले ५१४ मिमी. खोलीचंही तसंच: चॅनल १८ इंची, बाजारच्या हिशेबाने ४५० मिमी, आणि पुढची-मागची फळी वजा केल्यावर आत ४२६. 'दोन फुटी ड्रॉवर आहे' असं सांगून दुकानातून ट्रे आणला की तो आत न बसण्याचं कारण हेच. टेप तळाशी लावायची, पुढे आणि मागे दोन्हीकडे, आणि त्यातलं लहान माप धरायचं. सुताराने ठोकलेला ड्रॉवर मागे तीन-चार मिमी अरुंद निघणं अगदी नेहमीचं आहे.

उंची मोजायला मी कणीक वापरली. कागदावर कणकेचा उंच गोळा उभा केला, ड्रॉवर सावकाश बंद करून पुन्हा उघडला. वरच्या आडव्या पट्टीने गोळा जिथे चेपला ती खरी उंची. बाहेरून फळी १२ सेंमी दिसत होती, आत मोकळी जागा ९ सेंमीच निघाली. बाकदार दांड्याची पळी आडवी ठेवली तरी तिचं टोक ७-८ सेंमी वर येतं, आणि तिच्याखाली दोन चमचे आले की ड्रॉवर अडकतो. मग ओढाताण होते आणि त्यात चॅनलचे स्क्रू ढिले पडतात.

यानंतर ड्रॉवर रिकामा करून वस्तू लांबीप्रमाणे लावल्या. जेवायचे चमचे १६ ते १८ सेंमी, चहाचे १३-१४. डाव, उलथणं, सांडशी, लाटणं मात्र २५ ते ३५ सेंमी. बाजारातले साच्यातले कटलरी ट्रे काटे-सुऱ्यांच्या हिशेबाने केलेले असतात. त्यांत चमच्यांना चार-पाच खण आणि लांब वस्तूंना एकच अरुंद खण. आपल्याकडे प्रमाण उलटं पडतं, म्हणून खणांची आखणी लांब वस्तूंपासून सुरू करावी. झाऱ्याला मी ड्रॉवरमध्ये जागाच दिली नाही. त्याची ताटली दहा-बारा सेंमी रुंद, एकटा झारा तीन वस्तूंची जागा खातो. तो भिंतीवरच्या हुकला बरा. रवीचंही तेच.

पर्याय चार होते. स्टीलचं जाळीचं कटलरी बास्केट टिकाऊ, पण प्लास्टिकच्या कित्येक पट महाग, शिवाय स्वस्तातलं बहुधा २०२ ग्रेडचं (३०४ पेक्षा हलक्या प्रतीच्या स्टीलचं) असतं आणि सिंकजवळच्या दमटपणात जोडांवर तांबतं. (लोहचुंबक लावून २०२ आणि ३०४ ओळखता येत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही.) बांबूचा सरकता ट्रे दिसायला सुरेख, पण कोकणपट्टीत पावसाळ्यात ओला चमचा पडला की त्यावर बुरशी धरते. अखंड पीव्हीसी ट्रेच्या कडा कापून तो ड्रॉवरच्या मापाचा करता येतो. मात्र कापताना दोन्ही बाजूंनी सारखं कापावं लागतं आणि खण बदलता येत नाहीत. मी चौथा घेतला: सुटे प्लास्टिकचे ट्रे आणि एक सनबोर्डची (पाट्या-फलकांसाठी वापरतात त्या हलक्या फोम-बोर्डची) पट्टी.

सुट्या ट्रेंचं छापील माप वरच्या काठाचं असतं. २४ × ८ सेंमीचा ट्रे तळाशी जेमतेम २२ × ६.५ भरतो, कारण भिंती तिरक्या. जागा अडते वरच्या मापाने, वस्तू मावते खालच्या मापाने. दोन्ही बघून घ्यायची. शक्य तितक्या उभ्या भिंतीचे, ५ सेंमी उंचीचे ट्रे निवडले. आधी तेवढे पुठ्ठ्याचे तुकडे कापून ड्रॉवरमध्ये मांडून पाहिले.

मांडणी अशी ठरली. डाव्या बाजूला पुढून मागपर्यंत १५ सेंमी रुंदीचा मोकळा पट्टा, त्यात लाटणं, डाव, उलथणं, सांडशी, गॅसचा लायटर. उरलेल्या ३६ सेंमीत पुढे चार ट्रे उभे, मागे दोन आडवे. मागच्या कोपऱ्यात साधारण १२ × १८ सेंमीचा चौकोन उरतो, तिथे लहान किसणी आणि सोलाणं. जुन्या, चाकांवर सरकणाऱ्या रोलर चॅनलचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही, तेव्हा मागच्या ओळीत रोजची वस्तू ठेवायची नाही.

पट्ट्याची आडभिंत ५ मिमी सनबोर्डची, ७ सेंमी उंच, ४२५ मिमी लांब. एक मिमी मुद्दाम कमी, नाहीतर ती मधोमध फुगते. फ्लेक्स-बॅनरवाल्याकडे उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो. एका दमात कापायला जाऊ नये. स्टीलची पट्टी धरून कटर तीन-चार वेळा हलका फिरवला की कड स्वच्छ येते. फेव्हिकॉल इथे नीट धरत नाही. पुढच्या-मागच्या फळीवर दुहेरी चिकट फोम टेपने सनबोर्डच्याच दोन-दोन चिंधोट्या लावून खाच केली आणि भिंत त्यात वरून सरकवली. धुवायला ती निघते.

ट्रेंखाली जाळीदार रबरी मॅट घातली, कारण गुळगुळीत सनमायकावर ड्रॉवर जोरात लावला की ट्रे मागे सरकतात. पण मॅटच्या भोकांत कण अडकतात आणि झुरळांना तेवढं पुरतं. म्हणून अखंड मॅट न घालता फक्त ट्रेंखाली तुकडे घातले आणि लाटण्याचा पट्टा तसाच ठेवला. तिथे लाटण्याला लागलेलं पीठ सांडतं, ते ओल्या फडक्याने पुसलं जातं.

सहा ट्रे चाळीस-पन्नास रुपयांना एक, वर पट्टी, टेप आणि मॅट. पाचशेच्या आत बसलं.

मसाल्याच्या पाकिटांच्या ड्रॉवरला ही आखणी चालत नाही. पाकिटं उभीच ठेवावी लागतात, त्यांना निदान १५ सेंमी मोकळी उंची हवी, आणि तिथे ट्रेपेक्षा उंच काठाच्या बास्केट कामाला येतात.