आमची वाटचाल : तंबोऱ्यात हम नाही

बाबांनी लॅमिंग्टन रोडवर एका दुकानाच्या पोटमाळ्यावर ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं टेबल टाकलं. शाळा सुटली की मी तिथे सोल्डरिंग शिकायला बसे. आज आम्ही तिघं आहोत, जागा तेवढीच.

दुरुस्तीच्या जोडीने आम्ही ऑर्डरप्रमाणे प्रीॲम्प, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ॲम्पच्या आधी बसणारा, आवाज कमी-जास्त करायचा डबा, बनवून देत असू. २०२० च्या लॉकडाऊननंतर गिरगावातले एक काका आले. घर लहान, भिंतीला भिंत, म्हणून रात्री ऐकायला त्यांनी चांगला हेडफोन ॲम्प घेतला होता. आता दिवसा स्पीकरवर ऐकण्यासाठी पॉवर ॲम्पच्या आधी प्रीॲम्प हवा होता. मी वहीत ऑर्डर लिहायला घेतली आणि थांबलो. म्हटलं, "काका, तो हेडफोन ॲम्प एकदा घेऊन या."

त्याच्या हेडफोनच्या मोठ्या जॅकमधून दोन आरसीए (डाव्या-उजव्या चॅनेलचे प्लग) काढून पॉवर ॲम्पला जोडले, म्हणजे हेडफोन ॲम्पच प्रीॲम्प झाला, आणि ख्याल लावला. सीडी प्लेअरमधून मुळातच २ व्होल्ट येतात. बऱ्याच पॉवर ॲम्पना पूर्ण जोर द्यायला एक-दीड पुरतो. वाढवायचं काही नसतंच, आवाज आवरायचा असतो. त्यात ३२ ओहमचा हेडफोन चालवणाऱ्याला पॉवर ॲम्पचा दहा हजार ओहमच्या वरचा इनपुट म्हणजे ओझंच नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "तंबोऱ्यात हम नाही." हम म्हणजे स्पीकरमधून येणारी विजेची गुणगुण.

प्रीॲम्पची ऑर्डर हातची गेली, पण त्या दिवसापासून आम्ही आधी गिऱ्हाइकाच्या घरात काय आहे ते विचारतो.

एकदा मात्र आमच्याकडून मोठी चूक झाली. एका हेडफोन ॲम्पच्या बॅलन्स्ड आउटपुटला आम्ही साध्या आरसीएची केबल करून दिली. तिथली निगेटिव्ह तार ग्राउंड नसते, तिच्यावरही सिग्नल असतो. ग्राउंडला जोडताच शॉर्ट होऊन एक चॅनेल गेला. आमच्या खर्चाने भरून दिला, पण त्या गृहस्थांचा चेहरा अजून आठवतो. आता मीटर लावल्याशिवाय एकही केबल बाहेर जात नाही.

केबलसोबत दोन गोष्टी सांगतोच. हेडफोन ॲम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) कमीवर ठेवा, नाहीतर नॉब जेमतेम हलवता येतो आणि तिथे डावं-उजवं सारखं नसतं. पॉवर ॲम्प शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद. म्हणजे स्पीकरला धक्का बसत नाही.

सध्या टेबलावर रिमोटवर फिरणारा व्हॉल्यूम आहे. काकांचे गुडघे दुखतात, त्यांनीच मागितलाय.