गणपती आणि भातकापणीच्या मधल्या फटीत केदारनाथ

भूगोलाच्या पुस्तकात कुठल्याही डोंगराची उंची दिली की पुढे 'समुद्रसपाटीपासून' असं लिहिलेलं असतं. ती समुद्रसपाटी म्हणजे आमचं अंगण. मालगुंडच्या बाजूला, माडांच्या मागे लाट फुटते तिथे आमचं घर. आईचं सगळं आयुष्य याच उंचीवर गेलं. तिने केदारनाथ आणि बद्रीनाथला जायचं म्हटलं तेव्हा तिला सदुसष्टावं चालू होतं. देवदर्शन होतंच, पण तिच्या मनात खरं होतं ते ब्रह्मकपाल. बाबांचं पिंडदान बद्रीनाथला तिथे व्हावं, एवढंच.

पहिली अडचण तारखांची. केदारनाथचे दरवाजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडतात आणि भाऊबीजेला बंद होतात. सगळा देश मे महिन्यात जातो, पण आमच्याकडे तेव्हा आंबा असतो. आंबा आटोपेपर्यंत पाऊस येतो. इकडे पेरणी-लावणी आणि तिकडे दरडी. मग गणपती. गणपतीत कोकणातला माणूस केदारनाथला गेला, असं ऐकलंय का कोणी? त्यानंतर ऑक्टोबरात भात कापायला येतं. म्हणजे विसर्जन आणि भातकापणी यांच्या मधली फट तेवढी आमची. त्यात पितृपक्ष येतो, म्हणजे आईच्या दृष्टीने उत्तमच.

रेल्वेचं आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट दिल्लीच्या निजामुद्दीनला जाते, तिथून हरिद्वार. एक गोष्ट मला उशिरा कळली. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर. आम्ही चौघं होतो : मी, बायको, आई आणि मावशी. म्हणून आई-मावशीचं तिकीट वेगळं काढलं आणि दोघींना खालचे बर्थ मिळाले. आम्ही दोघं वर.

मग यात्रेची नोंदणी. उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर ती करावीच लागते, आणि वाटेत तिचा क्यूआर कोड तपासतात. माझी दहा मिनिटांत झाली. आईची करायला घेतली तर आधारचा ओटीपी येईना. तीनदा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की आईच्या आधारला नंबर बाबांचा जोडलेला आहे. ते सिम बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "गेला असेल रे त्यांना मेसेज. ते काय आता सांगतायत!"

नंबर बदलायला आधार केंद्रात गेलो. आईच्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं ओले काजूगर सोलून आणि झाडूचे हीर काढून बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. काजूच्या चिकाने कातडी जाते ती जातेच. शेवटी डोळ्यांवरून काम झालं. तिथल्या मुलीला ते ठाऊक होतं. म्हणाली, इकडच्या निम्म्या आज्यांचं असंच असतं. आठवड्याभराने नंबर चढला आणि नोंदणी झाली.

हेलिकॉप्टरचा मोह मलाही झाला. त्याची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात, आणि उघडल्यावर काही मिनिटांत संपतात. मला मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कोणीतरी 'कन्फर्म सीट' देऊ लागला. संकेतस्थळाचं नाव हुबेहूब, एकच अक्षर इकडचं तिकडे. पैसे पाठवायला मी फोन उघडला होता. बायकोने मागून वाचलं म्हणून वाचलो.

आमच्या डॉक्टरांनी मात्र हेलिकॉप्टर हुकलं हे ऐकून "बरं झालं" म्हटलं. त्यांचं म्हणणं असं : केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. अडीच हजारांच्या वर हवा विरळ होते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ लागतो. दहा मिनिटांत वर नेऊन ठेवलं तर शरीराला कळतच नाही काय झालं. "दोन दिवस वाटेत फुकट घालवा," ते म्हणाले. आईची ईसीजी झाली, रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी त्यांनी आईला लिहून दिली, पण आधी सल्फाची ॲलर्जी नाही ना ते विचारून. "तुम्हीही घेणार का?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला कशाला.

ऑगस्टभर दर रविवारी आईला मारळला घेऊन गेलो. मार्लेश्वराच्या पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, पावसात शेवाळलेल्या. पहिल्या रविवारी ती सात वेळा बसली, चौथ्या रविवारी तीनदा. गरम कपड्यांची अडचण वेगळीच. आमच्या घरात स्वेटर नावाची वस्तू नव्हती. पुण्याच्या भावाकडून दोन आणि रत्नागिरीत घेतलेली दोन, अशी जमवाजमव केली. रेनकोट मात्र घरचे, शेतातले, जाड. वर गेल्यावर लोक फाटक्या पातळ प्लास्टिकमध्ये कुडकुडत होते, तेव्हा त्यांची किंमत कळली. पावसाच्या बाबतीत कोकणी माणसाला कोणी शिकवू नये.

ते 'फुकटचे दोन दिवस' कुठे घालवायचे यावर घरात वाद झाला. मी चोपता काढलं. उखीमठापासून वर, देवदारांत आणि गवताळ कुरणांत, समोर चौखंबा शिखर. मावशी भडकली. "तीर्थाला चाललोय की हनिमूनला? पितरांचं करायला जाताना थंड हवेची मजा कसली गो?" आईही जरा ओशाळली. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

हरिद्वारहून निघालो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात. एकीचं पाणी गढूळ, दुसरीचं हिरवं, आणि थोडं अंतर दोन्ही रंग शेजारी-शेजारी वाहतात. आमच्याकडे खाडी समुद्राला मिळते तिथे भरतीला असंच दिसतं. पुढे श्रीनगर सोडल्यावर सिरोबगडला दरड आली होती, तिथे अडीच तास गेले. रात्री त्या रस्त्यांवर गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे चालक घड्याळ बघत होता. उखीमठाला अंधार पडताना पोचलो. हिवाळ्यात केदारनाथाची गादी इथेच, ओंकारेश्वराच्या देवळात येते. सकाळी दर्शन घेऊन चोपत्याला.

चोपत्याची उंची अडीच हजार मीटरच्या वर. पहिल्या रात्री कोणालाच नीट झोप लागली नाही. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर मी नेला होता. आईचा आकडा घरी 98 असायचा, इथे 90. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तुंगनाथाच्या वाटेवर निघालो. तुंगनाथ 3,680 मीटरवर, म्हणजे केदारनाथपेक्षाही उंच. वर जायचं नव्हतंच. अर्ध्या वाटेपर्यंत चढायचं, थोडं बसायचं आणि झोपायला खाली यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई गवतावर पाय पसरून बसली. मावशीला फोटो काढून हवे होते. हनिमूनचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

जेवणात आणखी एक गंमत. राहिलो होतो त्या घरातल्या बाईने 'गहत की दाल' वाढली. आईने घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिली. "अरे, हे कुळीथ!" बरोबर 'मंडुवे की रोटी' होती, ती नाचणीची भाकरी. आईने पिशवीतून घरचं कुळथाचं पीठ काढलं. तिला हिंदी येत नव्हतं आणि त्या बाईला मराठी. दोघी अर्धा तास चुलीपाशी होत्या. पिठी झाली, आमसूल घालून. त्या बाईने आमसूल हातात घेऊन वास घेतला आणि दोन जपून ठेवली.

गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटर. खच्चर, डांडी किंवा कंडी (माणूस पाठीवर नेतो ती टोपली) मिळते. डांडी चार माणसं खांद्यावर नेतात. मी डांडी म्हणालो, तर आई म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. त्याची घाई नको." मग आई-मावशीला खच्चर, आम्ही दोघं चालत. भीमबलीच्या पुढे रामबाडा. 16-17 जून 2013 च्या पुरात हे ठिकाण वाहून गेलं, आणि वाट आता मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या काठाने जाते. नदीकडे बघितलं तर इथे एक वस्ती होती हे पटत नाही.

वर पोचायला संध्याकाळ झाली. दर्शन घेतलं. देवळामागची भीमशिला पाहिली. पुराचा लोंढा या खडकाला आपटून दोन्ही बाजूंनी फुटला आणि देऊळ वाचलं. तो दगड पाहताना माझं डोकं ठणकू लागलं. रात्री ओकाऱ्या झाल्या. ऑक्सिमीटरवर आई 84, मी 76. चोपत्याच्या वाटेवर सगळे चढत होते तेव्हा मी अर्धा वेळ खालच्या टपरीपाशी ऑफिसचे फोन घेत उभा होतो, आणि गोळी घेतलीच नव्हती. आईने मला आल्याचा तुकडा चघळायला दिला आणि रात्रभर तीन वेळा उठून माझं बोट त्या यंत्रात घालून बघितलं. उजाडताच खाली उतरलो. लिनचोलीच्या खाली आलो तसं डोकं हलकं झालं.

बद्रीनाथला जाताना पुन्हा चोपत्यावरूनच रस्ता होता. तिकडचा प्रवास सोपा, गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते. तप्तकुंडात स्नान केलं आणि अलकनंदेच्या काठी ब्रह्मकपालाला बसलो. गुरुजींनी गोत्र विचारलं, तीन पिढ्यांची नावं घेतली. पणजोबांचं नाव मला आठवेना, ते मागून आईने सांगितलं. घरच्या शेतातले मूठभर तांदूळ ती बरोबर घेऊन आली होती, तेही वाहिले. शेवटी गुरुजी म्हणाले, इथे पिंड दिलं की पितर मुक्त होतात, पुढे दरवर्षी श्राद्ध करायची गरज नाही.

उठून पुलाकडे चालायला लागलो. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पुलावर थांबली.

"ते म्हणू देत," ती म्हणाली. "भाद्रपदात वडे आणि खीर करायचीच हो. तेवढ्यावरून तुझ्या बाबांना जेवायला बोलवायचं सोडू की काय?"