लोणावळ्याचा बाजार आणि आमचे खोके

आमचा धंदा पुण्यात, नारायण पेठेत, पण पोट भरलं ते लोणावळ्याच्या बाजारपेठेने. आजोबांनी ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं छपाईयंत्र) टाकलं तेव्हा लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे, मग एका चिक्कीवाल्याने खोके मागितले आणि तिथून आम्ही खोकेवालेच झालो.

तो बाजार वाढला रेल्वेमुळे. १८५८ ला पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली पण घाट बाकी होता, म्हणजे मुंबईहून आलेल्याने खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर घाट चढायचा आणि वर परत गाडी धरायची. १८६३ ला घाट खुला झाला. २५ बोगदे, हजारो मजूर, आणि कंत्राटदार मध्येच वारला तर त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, काम पुढे नेलं (हे शाळेत का शिकवत नाहीत कोण जाणे). एवढी माणसं डोंगरात राबणार तर पोटाला स्वस्त आणि टिकणारं काहीतरी हवंच, गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी, म्हणजे चिक्कीचंच जुनं रूप, तेव्हापासूनची असं जुने दुकानदार सांगतात.

आमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. घाट चढवायला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागायची आणि लोणावळ्याला सुटायची, म्हणजे गाडी थांबणारच, आणि तेवढ्या मिनिटांत प्लॅटफॉर्मवर काय खपेल ते खपेल. गिऱ्हाईक खिडकीतून पैसे देणार, खोका गजांमधून आत घेणार, म्हणून आजोबांनी अर्ध्या किलोचा खोका मुद्दाम चपटा ठेवला, आडवा सरकवला की आत.

दुसरी कटकट पावसाची. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, खळीने चिकटवलेल्या खोक्याला आठवड्यात बुरशी, वर गुळाला पाणी सुटून बोर्डावर, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्यावर, डाग. मग बाबांनी खळ बंदच केली, नुसते खाचेत अडकणारे खोके डायवर (पुठ्ठा कापायच्या पात्यांच्या साच्यावर) पंच करायला लागले आणि आत बटर पेपर. गठ्ठे लोकलने जायचे, उधारी वसूल करायलाही लोकलनेच जायचं, ते जास्त अवघड.

२००२ ला एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि गिऱ्हाईक रेल्वेतून कारमध्ये गेलं. आता हायवेवरच्या दुकानांना उंच, हँडलवाला, पारदर्शक खिडकीचा खोका हवा असतो, दिसायला बरा पण बोर्ड दीडपट जातो. स्टेशनजवळचे दोन-तीन जुने दुकानदार मात्र अजून चपटाच मागतात, त्यामुळे ती जुनी डाय आम्ही मोडीत काढलेली नाही, मागच्याच महिन्यात तिची पाती बदलून घेतली.