तुम्ही विचारलंत म्हणून : पंचायतीचा पैसा जातो कुठे?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे असोत, एसटीतली अनोळखी बाई असो, नाहीतर पुण्याहून आलेला माझा भाचा. मी ग्रामसेविका होते हे कळलं की पाच मिनिटांत प्रश्न येतोच. "पंचायतीला एवढा पैसा येतो म्हणतात, मग जातो कुठे?" विचारताना एक डोळा किंचित बारीक होतो. तुम्हाला तर ठाऊकच असणार, असा.

ठाऊक आहे. बत्तीस वर्षं तेच केलं. १९९२ला लागले तेव्हा गावात ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणायची रीत होती, आणि बाई ग्रामसेवक लोकांनी पाहिलेलीच नव्हती. पहिल्या गावातल्या म्हाताऱ्या सरळ "भाऊसाहेब, च्या घेता का बाई?" असं विचारायच्या. २०२४ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. अधिकारी व्हायचं माझं थोडक्यात हुकलं.

तर आधी तुमच्या मनातलं बोलून टाकते. खातात का? हो, खातात. सहा इंचांचा रस्ता चार इंचांत उरकतो आणि मोजमाप पुस्तिकेत सहाच इंच चढतात. वाडीवस्तीवर जिथे बैलगाडीही फिरत नाही तिथे पेव्हर ब्लॉक बसतात, कारण ते काम झटपट होतं, झटपट मोजलं जातं आणि बिल झटपट निघतं. टक्केवारी हा शब्द मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले. मी घेतली नाही. पण घेणाऱ्यांच्या शेजारी बसून चहा प्यायले आहे, हेही खरं.

पण समजा उद्यापासून सगळे हरिश्चंद्राचे अवतार झाले, तरी तुमच्या गल्लीतला दिवा लागेलच असं नाही. कारण वेगळं आहे आणि ते कुणी ऐकून घेत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बाहेरून पंचायतीकडे येणारा मोठा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा, केंद्राकडून येतो तो. आम्ही नुसतं 'चौदावा', 'पंधरावा' म्हणतो. चौदाव्यात सगळा निधी थेट ग्रामपंचायतीला यायचा. पंधराव्यात आपल्याकडे त्याचे वाटे पडले : ८० टक्के ग्रामपंचायत, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद. आता पंचायतीच्या वाट्याला शंभर रुपये आले असं धरा. पंधराव्यात २०२१-२२ पासून त्यातले ६० 'बंधित' असायचे. म्हणजे ३० पाण्यालाच आणि ३० स्वच्छतेलाच. उरलेले ४० 'अबंधित'. पण त्यातूनही पगार द्यायचा नाही, कार्यालयाचा खर्च करायचा नाही. शिवाय जे काही करायचं ते आधी विकास आराखड्यात असलं पाहिजे, आणि आराखडा वर्षाच्या सुरुवातीला ऑनलाइन चढवलेला. मध्येच काही अडलं तर आराखडा दुरुस्त करा, मंजुरी घ्या, मग बघू.

एवढं करून पैसे द्यायची वेळ आली की सरपंचाची आणि माझी, दोघांची डोंगल लागते. डोंगल म्हणजे ती डिजिटल सहीची काडी. माझ्या तीन सरपंच बायका होत्या. राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. तिघींपैकी दोघींची डोंगल त्यांच्या मालकांच्या खिशात असायची. तिसरीने मात्र ती पर्समध्ये ठेवली, पासवर्ड नवऱ्याला सांगितला नाही, आणि पाच वर्षं घरचे टोमणे खाल्ले. तिच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

आता एका एप्रिलची गोष्ट.

माझ्या शेवटून दुसऱ्या गावात नळपाणी योजनेची मोटर एका सकाळी बंद पडली. जळली नव्हती. वीज कंपनीचा माणूस आदल्या दिवशी येऊन जोडणी तोडून गेला होता, बिल थकलं म्हणून. नऊच्या सुमारास मी पोचले तर पंचायतीच्या दारात घागरींची रांग. त्यातलाच एकजण सगळ्यात वरच्या पट्टीत बोलत होता : "लाखो रुपये खात्यात पडून आहेत आणि बायाबापड्यांना पाण्याला लावता!"

त्याचं चुकलं नव्हतं. खात्यात खरंच पैसे होते. स्वच्छतेच्या हिश्श्याचे होते, गटारीच्या कामाला धरलेले. त्यातून मी मोटरीचं बिल भरलं असतं तर लेखापरीक्षणात ती रक्कम माझ्या नावावर वसुलीला लागली असती. असे आक्षेप डोक्यावर घेऊन निवृत्त झालेली आणि पेन्शनसाठी खेटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. मोटरीचं बिल, दिवाबत्ती, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, ही रोजची कामं ज्या पैशांतून चालतात त्याला ग्रामनिधी म्हणतात, आणि ग्रामनिधीत मुख्य भर पडते ती घरपट्टी-पाणीपट्टीची. त्यातही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणाला आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे असतात. ते बरोबरच आहे, पण डबा मुळातच रिकामा असला की वाटे कसले घालणार?

मी मागणी नोंदवही काढली, म्हणजे नमुना नऊ. कुणाकडे किती थकलंय ते त्यात घरागणिक असतं. जो वरच्या पट्टीत बोलत होता त्याची थकबाकी अकरा हजारांच्या वर होती. दाराशी गप्प उभी असलेली, दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाणारी विधवा बाई, तिच्या नावापुढे बाकी शून्य. हे मी त्या दिवशी मोठ्याने वाचून दाखवलं नाही. अजून वाटतं, दाखवायला हवं होतं.

का नाही दाखवलं, तर त्यात माझीही चूक होती. कायदा मवाळ नाही. आधी बिल, मग रिट म्हणजे मागणीची सक्त नोटीस, मग जप्ती, सगळं लिहिलेलं आहे. पण थकबाकीदारांच्या यादीत वरच्या दहा नावांत चार सदस्यांचे सख्खे भाऊबंद. मी बिलं दरवर्षी पाठवली. रिट काढायच्या वेळी हात आखडला. बदली अर्जावर सरपंचाचं मत विचारलं जातं, मुलगी दहावीला होती, गाव घरापासून बारा किलोमीटर होतं. घाबरले म्हणा हवं तर.

त्या रात्री शिपाई, एक सदस्य आणि मी पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलो. डोक्यावर मोरपिसांची टोपी नव्हती एवढंच, बाकी सगळं वासुदेवासारखं. दोन रात्रींत बिलाचा पहिला हप्ता जमला आणि चौथ्या दिवशी पाणी आलं. वरच्या पट्टीतल्या गृहस्थांनी पाचशे रुपये दिले आणि "बाकीचं ऊस गेल्यावर" म्हणाले. ऊस दोनदा गेला.

त्यांची पूर्ण वसुली कधी झाली सांगू? निवडणूक लागली तेव्हा. पंचायतीची बाकी असली आणि मागणी करूनही मुदतीत भरली नाही तर माणूस सदस्य व्हायला अपात्र ठरतो. त्यामुळे उमेदवारीला पंचायतीचा बाकी नसल्याचा दाखला लागतो. अर्ज भरायच्या आठवड्यात माझ्या टेबलापुढे जी गर्दी व्हायची ती बँकेच्या मॅनेजरलाही हेवा वाटावा अशी. आजोबांच्या नावची, चुलत्याच्या नावची, पडक्या वाड्याची, सगळी बाकी चुकती. आम्ही ग्रामसेवक आपसात म्हणायचो, निवडणूक दरवर्षी असती तर मोटर कधी बंद पडली नसती.

घरपट्टी किती असते असंही पुढे विचारतात. त्या गावात साध्या पक्क्या घराला वर्षाची सातआठशे, पाणीपट्टी बाराशे. म्हणजे पाण्याचे दिवसाला सव्वातीन रुपये. त्यात कुणीतरी पहाटे साडेचारला उठून व्हॉल्व्ह फिरवायचा, टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने टीसीएल टाकायची, आणि शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट घ्यायची. परीक्षानळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. हे नीट केलं की लोक म्हणतात पाण्याला वास येतो. नाही केलं की पावसाळ्यात जुलाब आणि गावाला लाल कार्ड, म्हणजे इथलं पाणी धोक्याचं असा शेरा. पाणी सोडणाऱ्या त्या माणसाचा पगार माझ्या काळात कित्येकदा चार-चार महिने राहिला. वासाची तक्रार पन्नास जणांनी केली, त्याच्या पगाराची एकानेही नाही.

मग ग्रामसभेत विचारा ना, असं म्हणायला सोपं आहे. वर्षाला किमान चार सभा. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. शंभर माणसं म्हणजे काय, एका बारशाला जमतात. घरकुलाची यादी असली की मंडप पुरत नाही. अंदाजपत्रक असलं की सतरंजीवर आम्हीच. कोरम भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. कायद्यातली ही खिडकी कुणाच्या सोयीची हे काही सांगायला नको. आणि कागदावर कोरम भरलेलाच बरा, म्हणून संध्याकाळी शिपायाच्या काखेत हजेरी वही देऊन घरोघर सह्या गोळा करायची पद्धत होती. 'होती' म्हणते, मीच केलेली आहे, एकदा नव्हे. ज्या माणसाने ओट्यावर बसून, काय आहे हे न वाचता सही केली, तोच वर्षभराने विचारायचा, "हा ठराव कुणी केला?" तुम्हीच केला, काका. सूचक म्हणूनही तुमचंच नाव आहे.

मध्यंतरी आम्हाला अभ्यास दौऱ्यावर पाटोद्याला नेलं होतं, छत्रपती संभाजीनगरजवळचं. सगळे कर भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीत दळण फुकट. भास्करराव पेरे पाटलांचं गाव म्हणून तुम्हीही ऐकलं असेल. साधी युक्ती आहे : भरलेल्या पैशाचं काहीतरी रोज हातात पडतं, पिठाच्या डब्यात दिसतं. परत आल्यावर मी उत्साहाने आमच्या मासिक सभेत तोच विषय घेतला. गावातली एकमेव गिरणी उपसरपंचांची होती. विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले. तो अजून पुढील सभेतच आहे.

आता भाच्याकडे येते, कारण यंदा दिवाळीत त्यानेच पुन्हा विचारलं आणि मी जरा चिडले. "तू पुण्यात सोसायटीला महिन्याला किती देतोस?"

"साडेतीन हजार. का?"

"आणि गावच्या घराची घरपट्टी?"

"आत्या, घर बंदच असतं की. कुणी राहतच नाही."

मी निवृत्त असले तरी तिथल्या पंचायतीत ओळख आहे. फोन केला. ते घर म्हणजे माझं माहेर. सात वर्षांची बाकी, आणि नमुना आठला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, अजून आमच्या दादांचं नाव. दादांना जाऊन तेरा वर्षं झाली. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची वसुली केली आणि ज्या घरात शेणाने सारवायला शिकले ते घर थकबाकीदारांच्या यादीत. फोनवरचा अधिकारी तरुण होता, बिचारा संकोचून म्हणाला, "राहू द्या मॅडम, बघू नंतर." हे 'बघू नंतर' माझ्याच तोंडचं होतं.

भाच्याला मी दोनच गोष्टी करायला लावल्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदं देऊन नोंद बदलायला अर्ज करायचा, आणि बाकी भरून पावती घ्यायची. शिवाय ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च कसा बघायचा ते मोबाइलवर दाखवलं. कुणालाही बघता येतं, माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागत नाही. तो अर्धा तास मान खाली घालून वाचत बसला. मग म्हणाला, "यात आपल्या आळीला एलईडी दिवे लिहिलेत. आपल्या आळीत तर अंधार आहे."

गेल्या आठवड्यात त्या तरुण अधिकाऱ्याचा मला फोन आला. "मॅडम, तुमचे भाचे दिवसाआड फोन करतात. दिव्यांचं बिल मागतात, पोलचे नंबर मागतात. जरा सांगा ना त्यांना."

मी म्हटलं, "त्याची बाकी आहे का काही?"

"नाही मॅडम. निल आहे."

"मग मी काय सांगणार?"