फोडणीचा वास आणि शंभर फूट

इथे फ्रान्समध्ये, शुक्रवारी ऑफिसमधून आले तर आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या आरशावर चिठ्ठी, 'तिसऱ्या मजल्यावरच्यांनी स्वयंपाक करताना वासाचा विचार करावा.' खाली नाव नाही, सही नाही. तिसऱ्या मजल्यावर मी आणि एक कॉलेजची मुलगी, आणि ती फक्त पास्ता उकडते.

जेवावंसं वाटेना, म्हणून 'द हंड्रेड-फूट जर्नी' परत लावला. 2014 चा पिक्चर, ओम पुरी, रहमानचं म्युझिक, बऱ्याच जणांनी बघितला असेल म्हणून सगळी स्टोरी सांगत नाही, एवढंच की मुंबईचं कदम कुटुंब फ्रान्सच्या एका गावात मादाम मॅलरीच्या फ्रेंच रेस्टॉरंटसमोर, शंभर फुटांवर, भारतीय हॉटेल काढतं, आणि त्यांचा मुलगा हसन तिथे स्वयंपाक करतो.

पण आधी चिठ्ठीचं. रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजी कासुले लावतात, तूलूझ शहराचा लाडका पदार्थ, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, बदकाचं मांस, सॉसेज, तासन्‌तास मंद आचेवर, अख्खा जिना चरबीच्या वासाने भरून जातो. मी शाकाहारी, तरी कधी एक शब्द बोलले नाही. आणि माझी हिंग-मोहरीची फोडणी दोन मिनिटांची, तीही खिडकी उघडून, एक्झॉस्ट लावून, बेडरूमचं दार बंद करून, कोट कपाटात टाकून! बरं, याच देशात 2021 साली कायदा झालाय की खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे, कोंबड्याचं आरवणं, गुरांचा वास सगळं त्यात आलं. त्याआधी 2019 मध्ये एका कोंबड्याच्या आरवण्यावरून कोर्टात केस झाली होती, आणि निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. मला तो कायदा मनापासून आवडतो. पण मग माझ्या घराचा वास कुठे बसतो? 1991 मध्ये जाक शिराक, जे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले, भाषणात बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या 'आवाज आणि वासा'बद्दल बोलले होते. चिठ्ठी वाचताना तेच दोन शब्द डोक्यात आले.

आईला फोन केला तर ती म्हणाली, अगं तुझ्या आजीने बडोद्याला दांडिया बाजारच्या वाड्यात मच्छी खाणाऱ्यांना खोली दिली नव्हती, विसरलीस का? नाही विसरले. पण ते वेगळं होतं, घरात देव होते, सोवळं होतं, आणि आजीने त्यांना समोर बसवून, चहा देऊन सांगितलं, चिठ्ठी नाही चिकटवली.

पिक्चरमधली मादाम मॅलरीही मेयरकडे तक्रार करते, बाजारातला माल आधीच उचलते. पण नंतर हसनचे हात भाजलेले असतात, तो सांगत जातो आणि ती स्वतः ऑम्लेट करते, कोथिंबीर, मिरची, मसाला घालून, आणि एक घास घेऊन नुसती उभी राहते. तिथे मला दरवेळी रडू येतं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. आडनाव कदम, गाव मुंबई, आणि हॉटेलात तंदूर! आणि हसनला मोठं व्हायला आधी फ्रेंच सॉस शिकावे लागतात. आपल्या बडोद्यात असं नाही झालं. गायकवाडांच्या मागोमाग आपली माणसं आली ती उसळ घेऊन, त्यावर तिथली सेव पडली, वर लीला म्हणजे पातीचा कांदा, बाजूला पाव, आणि आज सेव-उसळीच्या लॉरीवर, म्हणजे हातगाडीवर, गुजराती-मराठी एकाच लाइनीत उभे असतात.

पिक्चरचं शूटिंग झालं ते सँ-आंतोनँ गाव इथून फार लांब नाही. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या रविवारच्या बाजारात गेलो होतो, गुलाबी लसणीच्या जुड्या वेणीसारख्या गुंफून टांगलेल्या, दहा पावलांवरून वास येत होता आणि लोक ती नाकाशी धरून निवडत होते. मीही दोन जुड्या घेतल्या.

काल चिठ्ठीखाली पेनने लिहून आले, 'तो वास हिंगाचा आहे. चव घ्यायची असेल तर तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवा.' नाव लिहिलं, सहीसुद्धा केली.

अजून कोणी आलेलं नाही. रात्री वाटाणे भिजत घातलेत, एक वाटी जास्तच.